अग्निबाणाचा हेतू

१८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटाहून उडालेल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्याच्या सर्वांत खालच्या टप्प्यात घन इंधनाची एक मोटर होती. तिचा व्यास सुमारे एक मीटर, लांबी दहा मीटर आणि आत साधारण नऊ टन इंधन. २२ मे १९८९ रोजी ओडिशातल्या चांदीपूरहून अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली, तेव्हा त्याच्या तळाशीही हीच मोटर होती. एसएलव्ही-३ प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम १९८२ साली इस्रो सोडून संरक्षण संशोधनाकडे गेले होते, त्यामुळे तंत्राबरोबर माणूसही इकडून तिकडे गेला. मराठीत या घटनाक्रमाबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा अभिमानाने, स्वावलंबनाची गाथा म्हणून. अमेरिकेतल्या शस्त्रनियंत्रण तज्ज्ञांच्या लिखाणात हाच घटनाक्रम पुरावा म्हणून येतो. विकसनशील देशाचा उपग्रह प्रक्षेपक म्हणजे उशिरा उघड होणारे क्षेपणास्त्र, असा त्यांचा निष्कर्ष. दोन्ही बाजू एका मोटरीपाशी थांबतात. या पुस्तकाला त्या मोटरीच्या पुढे जायचे आहे, कारण भारत, पाकिस्तान, इराण, उत्तर कोरिया, ब्राझील, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका या देशांचा गेल्या सहा दशकांचा अनुभव एकत्र ठेवला की दोघांचेही म्हणणे अपुरे पडते.

आधी पदार्थविज्ञानाचा हिशेब समजून घ्यायला हवा. तीनशे किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राला सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. दहा हजार किलोमीटर दूरचे लक्ष्य गाठायचे तर तो सात किलोमीटरच्या पुढे जातो आणि पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत टिकून राहण्यासाठी पावणेआठ लागतो. म्हणजे उपग्रह सोडू शकणाऱ्या देशाकडे लांब पल्ल्याला लागणारी ताकद असते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण ताकद हा गणिताचा एक भाग झाला. क्षेपणास्त्राचे टोक परत खाली यावे लागते. वातावरणात शिरताना हवेच्या मारामुळे ते हजारो अंशांपर्यंत तापते आणि त्या भट्टीतून आतला बॉम्ब शाबूत राहायला हवा. उपग्रहाला परतायचेच नसते. क्षेपणास्त्र महिनोन्महिने भरलेल्या अवस्थेत ट्रकवर किंवा भुयारात पडून राहायला हवे आणि हुकूम येताच काही मिनिटांत सुटायला हवे. प्रक्षेपक मात्र एका ठरलेल्या मंचावर दिवसेंदिवस जोडला जातो, वारा बरा नसेल तर थांबतो, शेवटच्या मिनिटाला एखादी झडप बिघडली तर पुन्हा उतरवला जातो. त्याचा वरचा टप्पा कमी जोराचा पण बराच वेळ जळणारा असला तरी चालतो, किंबहुना तसाच बरा. बॉम्ब दूरवर फेकायला असला टप्पा गैरसोयीचा.

माझे म्हणणे या फरकातून निघते. अग्निबाणाचा हेतू त्याच्या धातूत, मोटरीत किंवा इंजिनात सापडत नाही; तो कार्यक्रमाच्या वागण्यात सापडतो. चाचण्या कशाच्या होतात, टोक वातावरणात परत आणून पाहिले जाते का, इंधन साठवून ठेवण्याजोगे निवडले आहे का, कार्यक्रम कोणाच्या ताब्यात आहे, उड्डाणाची पूर्वसूचना दिली जाते का आणि अपयश जगाला कळू दिले जाते का, हे सगळे बाहेरून बरेचसे वाचता येते. जगाने १९८७ पासून जी व्यवस्था उभी केली ती मात्र मुख्यतः सुट्या भागांवर नजर ठेवते. त्यामुळे तिने काही ठिकाणी निरुपद्रवी गोष्ट अडवली आणि काही ठिकाणी धोकादायक गोष्ट तिच्या हातून निसटली.

ती व्यवस्था म्हणजे क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, एमटीसीआर. एप्रिल १९८७ मध्ये सात श्रीमंत औद्योगिक देशांनी ती स्थापन केली. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकणारे कोणतेही यंत्र आणि त्याचे महत्त्वाचे भाग इतरांना द्यायचे नाहीत, ही तिची मध्यवर्ती रेषा. हा करार नव्हे, पुरवठादारांचा आपसातला संकेत आहे. अणुप्रसारबंदी करारात निदान एक देवाणघेवाण आहे: शस्त्र सोडा, शांततेच्या वापरासाठी तंत्रज्ञान घ्या. अग्निबाणांच्या बाबतीत असा सौदा कधी झालाच नाही. राष्ट्रीय अवकाश कार्यक्रमांना अडथळा आणण्याचा हेतू नाही, असे या व्यवस्थेच्या नियमावलीत लिहिलेले आहे, पण त्या वाक्याला जोडलेली अट इतकी रुंद आहे की नकार द्यायला ती नेहमी पुरते. शिवाय हा नियम करणाऱ्यांचा स्वतःचा प्रवास विसरता येत नाही. स्पुटनिक उडवणारा आर-७ मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्र होता. अमेरिकेचा पहिला उपग्रह रेडस्टोन क्षेपणास्त्राच्या वंशातल्या अग्निबाणावर गेला. अ‍ॅटलास आणि टायटन यांनी अंतराळवीर नेले, तीही मूळची क्षेपणास्त्रेच. चीनने २४ एप्रिल १९७० रोजी पहिला उपग्रह सोडला तो डीएफ-४ क्षेपणास्त्रावर बेतलेल्या प्रक्षेपकाने. थोरल्यांनी शस्त्राकडून अवकाशाकडे वाट काढली आणि मागून येणाऱ्यांना अवकाशातूनही येऊ द्यायचे नाही असे ठरवले. हा अन्याय आहे, पण केवळ अन्याय दाखवून माझा मुद्दा सिद्ध होत नाही. ही व्यवस्था तिच्या स्वतःच्या कसोटीवर कुठे चुकली ते पाहायला हवे.

क्रायोजेनिक इंजिनाचे प्रकरण त्यासाठी सर्वांत बोलके आहे. भूस्थिर कक्षेत दोन टनांचे दळणवळण उपग्रह पोचवायचे तर द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा वरचा टप्पा हवा, म्हणून इस्रोने १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी इंजिने आणि ती बनवण्याचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवरही दोन वर्षांचे निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. इंजिने देऊ, तंत्रज्ञान नाही. आता या इंजिनाकडे शस्त्र म्हणून पाहा. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, हायड्रोजन उणे २५३ अंशांना. टाकी भरली की तो वाफ होऊन उडू लागतो आणि सतत भरत राहावे लागते. भरण्याआधी नळ्या, झडपा, पंप तासन्‌तास थंड करावे लागतात. असले यंत्र भुयारात तयार ठेवता येत नाही, ट्रकवर घालून जंगलात लपवता येत नाही. हायड्रोजनवर चालणारे आंतरखंडीय क्षेपणास्त्र कोणत्याही देशाने तैनात केलेले नाही. नुसता द्रव ऑक्सिजन वापरणारी सुरुवातीची क्षेपणास्त्रेसुद्धा महासत्तांनी साठवणीच्या आणि घन इंधनाची पर्यायी क्षेपणास्त्रे मिळताच मोडीत काढली.

याच्या शेजारी ‘विकास’ इंजिनाची हकिकत ठेवली की विसंगती लख्ख दिसते. १९७४ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारानुसार भारतीय अभियंते फ्रान्समध्ये व्हायकिंग इंजिनाच्या कामात सहभागी झाले आणि बदल्यात त्याचे तंत्रज्ञान भारताला मिळाले. त्यावरून घडलेले ‘विकास’ इंजिन आजही पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात असते. त्याचे इंधन सामान्य तापमानाला साठवता येते. टायटन-२ सारख्या क्षेपणास्त्रांत त्याच जातीची इंधने भरलेली असत. म्हणजे शस्त्राला सोयीचे इंजिन भारताच्या हाती दशकानुदशके होते आणि भारताने ते एकाही क्षेपणास्त्रात बसवले नाही. गैरसोयीचे इंजिन मात्र अडवले गेले. परिणाम काय झाला? स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण एप्रिल २०१० मध्ये फसले आणि ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ बरोबर तो टप्पा यशस्वी झाला. पाच हजार किलोमीटर पल्ल्याच्या अग्नी-५ ची पहिली चाचणी त्याआधीच, १९ एप्रिल २०१२ रोजी, पार पडली होती. उपग्रहांचे इंजिन वीस वर्षे रखडले आणि ज्या शस्त्राची भीती घालून ते अडवले होते ते आधी येऊन उभे राहिले. एखाद्या धोरणाच्या अपयशाचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो अग्नीचाच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एसएलव्ही-३ ची मोटर अग्नीत गेली हे खरे. मग संशय घेणाऱ्यांचे काय चुकले? संशय घेण्यात काही चुकले नाही. चुकले ते संशयाचे ठिकाण. भारताच्या घन इंधनाचे ज्ञान कुणी पेटीत घालून पाठवले नव्हते. थुंब्याच्या प्रयोगशाळांत वसंत गोवारीकरांसारख्या रसायनतज्ज्ञांनी इंधनाचे मिश्रण, त्याची घनता, तडा न जाता ते मोटरीत ओतण्याची रीत यांवर वर्षानुवर्षे काम केले. इंधनाच्या वडीत केसाएवढी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो आणि मोटर फुटते; ही विद्या हातांनी शिकावी लागते. माणसांच्या डोक्यात मुरलेले ज्ञान निर्यातबंदीने परत काढून घेता येत नाही. उलट अग्नीला जे एसएलव्ही-३ कडून मिळाले नाही ते वेगळे शिकावे लागले: परत येणारे टोक, त्याचे कार्बनच्या धाग्यांचे उष्णतारोधक कवच आणि त्या वेगात दिशा धरून ठेवणे. १९८९ च्या चाचणीत नेमके हेच तपासले गेले. सरकारने तिला तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हटले, पण टोक परत आणून पाहणारा देश काय करतो आहे हे त्या दिवशी कोणालाही कळू शकत होते. वागण्याची कसोटी लावली तर अग्नी शस्त्र ठरते आणि एसएलव्ही-३ प्रक्षेपक ठरतो. भारतीय वाचकाला यातला पहिला अर्धा भागही तितक्याच मोकळेपणाने मान्य करता आला पाहिजे.

पाकिस्तानचे उदाहरण उलट्या बाजूने तेच सांगते. तिथला पहिला संशोधन अग्निबाण, रहबर-१, जून १९६२ मध्ये नासाच्या मदतीने सोनमियानीहून उडाला. थुंब्याहून नाईक-अपाची उडाला तो त्यानंतर सव्वा वर्षाहून अधिक काळाने, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी. सुरुवातीला पुढे असलेला हा देश आज २,७५० किलोमीटर पल्ल्याचे शाहीन-३ बाळगून आहे, पण स्वतःच्या प्रक्षेपकाने त्याने एकही उपग्रह सोडलेला नाही. त्याचा पहिला उपग्रह बद्र-१ हा १९९० मध्ये चिनी अग्निबाणावर गेला. क्षेपणास्त्रे त्याने चीन आणि उत्तर कोरियाच्या मदतीने मिळवली; १९९८ मध्ये चाचणी झालेली घौरी ही उत्तर कोरियाच्या नोडाँगची बहीण. क्षेपणास्त्र हवे असलेल्या देशाला प्रक्षेपकाचा वळसा घ्यावा लागत नाही. तो वळसा लांबचा आहे, महाग आहे आणि सगळ्या जगासमोर घ्यावा लागतो.

उत्तर कोरियाच्या बाबतीत हे म्हणणे टिकणार नाही असे अनेकांना वाटेल, म्हणून तिथे थोडे थांबू. १२ डिसेंबर २०१२ रोजी उन्हा-३ ने उपग्रह कक्षेत नेला आणि पहिल्या टप्प्याचे अवशेष पीत समुद्रात पडले. दक्षिण कोरियाच्या नौदलाने तळातून ऑक्सिडायझरची टाकी वर काढली. पुढे इंजिनाचे तुकडेही सापडले. तपासातून दिसले ते असे: नोडाँग क्षेपणास्त्राची चार इंजिने एकत्र बांधलेली, नायट्रिक आम्लाचा जुना सोव्हिएत पद्धतीचा ऑक्सिडायझर, हाताने केलेले ओबडधोबड जोडकाम. हा अग्निबाण मंचावर उभा करून भरायला दिवस लागत आणि उपग्रह ते सगळे वरून बघत असत. जग या यंत्राकडे बघत राहिले आणि २०१७ मध्ये ह्वासाँग-१४ व ह्वासाँग-१५ आले. त्यांची इंजिने वेगळी होती, ती फिरत्या वाहनांवरून नेऊन उभी केली गेली आणि सरळ वर चढून तीव्र कोनात खाली आली, म्हणजे टोक परत आणण्याचीच परीक्षा होती. ह्वासाँग-१५ जवळजवळ साडेचार हजार किलोमीटर उंच गेले. अमेरिकेपर्यंत पोचणारे क्षेपणास्त्र उन्हाच्या पोटातून निघाले नाही. टप्पे वेगळे करण्याचा, उड्डाणाची माहिती गोळा करण्याचा अनुभव उन्हाने दिला असणार, हे मी मान्य करतो. सुरक्षा समितीने २००९ च्या १८७४ क्रमांकाच्या ठरावात बॅलिस्टिक तंत्रज्ञान वापरणारे कोणतेही उड्डाण मना केले, त्यामागे हीच धास्ती होती. पण अणुचाचण्या करणाऱ्या, करार मोडून बाहेर पडलेल्या देशावर घातलेली ती बंदी त्या देशाच्या एकंदर वागण्यामुळे समर्थनीय ठरते, अग्निबाणाच्या रचनेमुळे नव्हे.

इराणमध्ये तर एकाच देशात दोन निकाल द्यावे लागतात. फेब्रुवारी २००९ मध्ये ओमिद उपग्रह नेणारा सफीर आणि नंतरचा सिमोर्घ ही शहाब क्षेपणास्त्रांच्या घराण्यातून निघालेली द्रव इंधनाची, स्थिर मंचावरून उडणारी यंत्रे. सिमोर्घ वर्षानुवर्षे अपयशी ठरत राहिला आणि ते अपयश लपले नाही. याउलट २२ एप्रिल २०२० रोजी क्रांतिरक्षक दलाने कासेद उडवला, त्याचा दुसरा टप्पा घन इंधनाचा होता; पुढचा काएम-१०० संपूर्ण घन इंधनाचा आहे. सैनिकी दलाच्या ताब्यातला आणि साठवून ठेवता येणाऱ्या इंधनावरचा कार्यक्रम वेगळ्या नजरेने पाहायलाच हवा. माझी कसोटी विकसनशील देशांना सरसकट निर्दोष ठरवत नाही, हे इथे स्पष्ट व्हावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वागणूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सुटे भाग आधीच अडवले तर निदान वेळ मिळतो. वेळ मिळतो, पण कोणाच्या वाट्याचा? अर्जेंटिनाचा कोंडोर-२ क्षेपणास्त्र प्रकल्प थांबला तो इराक आणि इजिप्तशी असलेली भागीदारी उघड झाल्यावर आलेल्या दबावामुळे, आणि लोकशाही सरकारला सैन्याच्या हातून हा प्रकल्प काढून घ्यायचा होता म्हणूनही. १९९१ मध्ये नागरी अवकाश संस्था स्थापन झाली. तिथे नकार योग्य होता, कारण खरेदीदार कोण हे दिसत होते. दक्षिण आफ्रिकेने आरएसए-३ हा प्रक्षेपक सोडून दिला, तो अण्वस्त्रे मोडून टाकण्याच्या मोठ्या राजकीय बदलाचा भाग होता. ब्राझीलची कथा मात्र या आक्षेपाला उत्तर देताना मला पुन्हा पुन्हा आठवते. ब्राझील १९९५ मध्ये एमटीसीआरमध्ये गेला, १९९८ मध्ये अणुप्रसारबंदी करारात आला. जे जे मागितले ते त्याने केले. विषुववृत्तापासून अडीच अंशही दूर नसलेले अल्कान्तारा हे पृथ्वीच्या फिरण्याचा सर्वाधिक फायदा देणारे उड्डाणस्थळ त्याच्याकडे आहे. २२ ऑगस्ट २००३ रोजी, नियोजित उड्डाणाच्या तीन दिवस आधी, मंचावर उभ्या असलेल्या व्हीएलएस-१ ची एक मोटर अचानक पेटली आणि मनोऱ्यावर काम करणारे एकवीस तंत्रज्ञ व अभियंते जळून मेले. एका लहान कार्यक्रमाची अनुभवी पिढी क्षणात नाहीशी झाली. पुढे तो प्रकल्पच बंद पडला. वर्षानुवर्षे अपुरा पैसा आणि अपुरी माणसे यांची ती परिणती होती. नियम पाळून आत आलेल्या देशाला शिकवणारे, तपासणीच्या पद्धती देणारे कोणी असायला हवे होते. भागांवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेला असे काही द्यायची सवयच नाही.

गरीब देशाने हे उद्योग का करावेत, हा तिसरा प्रश्न. त्याचे नेहमीचे उत्तर वादळांचे इशारे आणि दूरवरच्या शाळा असे दिले जाते, पण ते उत्तर अर्धवट आहे. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि २०१३ च्या फायलिनमध्ये काही डझन, यात उपग्रहांचा वाटा मोठा आहे, स्थलांतर घडवणाऱ्या प्रशासनाचाही. मात्र तो युक्तिवाद उपग्रहाचा झाला, प्रक्षेपकाचा नव्हे. भारताचे पहिले इन्सॅट परदेशातच बनले आणि परदेशी वाहनांवरच गेले. स्वतःचा प्रक्षेपक का हवा याचे उत्तर युरोपच्या अनुभवात आहे. फ्रान्स आणि जर्मनीने बनवलेला सिम्फनी हा दळणवळण उपग्रह अमेरिकेने १९७४ मध्ये उडवून दिला तो व्यापारी वापर करणार नाही या अटीवर. मित्रदेशांनाही अशी अट घातली गेली, तेव्हा युरोपने एरियान उभा केला. भाड्याच्या गाडीचा मालक वाट ठरवतो, ही गोष्ट पॅरिसला पटली तर ब्राझीलिया किंवा दिल्लीला ती पटू नये, असे म्हणता येत नाही. खर्चाचा प्रश्न तरीही उरतो. तो प्रत्येक देशाच्या नागरिकांनी विचारावा. तो त्यांच्या वतीने इतरांनी विचारण्याचा नाही.

या पुस्तकातली प्रकरणे देशवार आहेत, पण शेवटचे प्रकरण पूर्वसूचनेबद्दल आहे आणि वाचकाने ते वगळू नये. २००२ च्या हेग आचारसंहितेत सामील झालेले देश क्षेपणास्त्रे आणि प्रक्षेपक दोन्हींच्या उड्डाणांची आगाऊ माहिती देण्याचे मान्य करतात. भारत २०१६ मध्ये तिच्यात आला, त्याच महिन्यात एमटीसीआरमध्येही. त्याही आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये, भारत आणि पाकिस्तानने बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची निदान तीन दिवस आधी सूचना देण्याचा करार केला होता. एकमेकांवर विश्वास नसलेले दोन अण्वस्त्रधारी शेजारी तो करार पाळत आले आहेत. एकमेकांचे सुटे भाग मोजायला जाण्यापेक्षा एकमेकांची वागणूक आधी कळवून ठेवणे शक्य आहे, हे त्यांनी करून दाखवले. त्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र येत नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले, ते त्याच वगळलेल्या जातीचे होते. भारताने दोन दिवसांनी जाहीर खुलासा केला, चौकशी झाली आणि हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. करारातली ती जागा अजून मोकळीच आहे.